टोपीवाल्यांची सोयरीक

भोंग्याने आयुष्यात कधी चोरी केली नव्हती, आणि उतारवयात पहिली चोरी करायची वेळ आली ती स्वतःच्या बायकोच्या चष्म्याची. चष्मा खिडकीत तिच्या विणकामाच्या टोपलीवर ठेवलेला होता. बायको गच्चीवर कपडे वाळत घालत होती. भोंग्याने चष्मा उचलून सदऱ्याच्या खिशात टाकला, खिसा फुगलेला दिसतो म्हणून परत काढला, स्वयंपाकघरात जाऊन चार फळ्या धुंडाळल्या आणि शेवटी साखरेच्या डब्यात खुपसला. डॉक्टरांनी दोघांचीही साखर बंद केल्यापासून त्या डब्याला हात लागत नव्हता. वरून थोडी साखर पसरून त्याने झाकण लावलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. जिन्यावर पाऊल वाजताच तो शीळ घालायला लागला, आणि भोंगा शीळ घालतोय म्हणजे काहीतरी बिघडलंय, हे त्या घरात मांजरालासुद्धा ठाऊक होतं.

"काय हो, आज स्वारी खुशीत?" बायको रिकामी बादली ठेवत म्हणाली.

"खुशीत कसला, गुडघा दुखतोय," भोंगा म्हणाला.

त्याचं खरं नाव आता फक्त दवाखान्याच्या केसपेपरवर उरलं होतं. बाकी सगळी गल्ली त्याला भोंगाच म्हणायची आणि त्यामागे मोठा इतिहास होता. गल्लीच्या टोकाला थिएटर होतं आणि थिएटरच्या दाराशी तिकिटं फाडायला हा उभा असायचा. मालक इतका चिकट की स्वस्तात मिळतात म्हणून परभाषेतले, रेघा पडलेले, कुठून कुठून फिरून आलेले सिनेमे आणायचा. सगळे एका छापाचे. मोठ्या टोप्या घातलेली माणसं घोड्यांवरून यायची, गुरं हाकायची, एकमेकांकडे डोळे बारीक करून बघायची आणि शेवटी धडाधड गोळ्या घालायची. लोकांनी त्यांना 'टोपीवाल्यांचे सिनेमे' असं नाव ठेवलं होतं. घोडे बघायला मजा यायची, पण टोपीवाले बोलायला लागले की कुणाला ओ की ठो कळायचं नाही, आणि एक दिवस लोकांनी पैसे परत द्या म्हणून खुर्च्या वाजवल्या. मालकाने धावत येऊन पत्र्याचा भोंगा याच्या हातात कोंबला.

"तुझा घसा दांडगा आहे. पडद्याजवळ उभा राहा आणि काय चाललंय ते सांग."

"मालक, मला कुठे ती भाषा येते?"

"अरे, त्यांना तरी कुठे येते?"

भोंगा उभा राहिला तो पुढे थिएटर बंद पडेपर्यंत उभाच राहिला. त्याने स्वतःची एक पद्धत बसवली होती. नवा सिनेमा आला की सकाळी रिकाम्या थिएटरात तो एकट्याने पाहायचा आणि आधी नाती लावून घ्यायचा. हा बाप, ही लेक, हा सावत्र भाऊ, तो मामा. एकदा नाती लागली की गोष्ट आपोआप चालते, असं त्याचं ठाम मत होतं. माणूस बोलत असेल तर त्याच्या ओठांबरोबर बोलायचं आणि ओठांबरोबर थांबायचं. घोडे धावत असतील तेव्हा मागची आठवण करून द्यायची. आणि पात्र पाठमोरं असेल तर मात्र सांगणाऱ्याची चंगळ. पाठमोऱ्या माणसाच्या तोंडी काहीही घाला, तो नाही म्हणत नाही. कधी एखादा शहाणा मागून ओरडायचा, "खोटं! तो असं म्हणालाच नाही!" तेव्हा भोंगा शांतपणे विचारायचा, "भोंगा कुणाच्या हातात आहे?" सगळं थिएटर हसायचं आणि शहाणा खाली बसायचा.

त्या सगळ्या सिनेमांत गाजला तो सोयरिकीचा. एक म्हातारा गुरांचा मालक, त्याची एकुलती लेक, नदीकाठी त्यांचं घर आणि लांबच लांब कुरण. मग काळ्या जाकिटातला, चांदीच्या साखळीच्या घड्याळवाला एक गोडबोल्या येतो. भोंग्याने त्याला बघताक्षणी ओळखलं, हा वरपक्षाचा मामा. त्याच्याबरोबर सतत मान खाली घालून बसणारा एक काटकुळा पोरगा असतो, तो अर्थातच नवरामुलगा. काही माणसं साखळ्या घेऊन कुरण मोजतात. भोंग्याने सांगितलं, लग्नाचा मांडव केवढा लागेल ते बघतायत. मग टेबलाभोवती बैठक बसते. कागद येतो, लेखणी येते, पेले भरले जातात, हात हातात दिले जातात. दाराआड लेक तोंडावर हात दाबून रडते. आता याला सोयरीक म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? आणि शेवटचा गोळीबार भोंग्याने मानपानावरून लावला. लोकांना ते सहज पटलं. लग्न म्हटलं की मानपान आलाच. आपल्याकडे रुसतात, त्यांच्याकडे गोळ्या घालतात, एवढाच फरक.

याच सिनेमात भोंग्याला बायको मिळाली.

तिचा बाप दूधवाला होता. गावाबाहेर ओढ्याकाठी त्याचं कुरण होतं, गोठा होता, गोठ्याला लागून घर होतं. रोज संध्याकाळी त्याच्याकडे चहाला येणाऱ्या एका मित्राने एक दिवस कागद पुढे केला. कुरणाच्या कडेने रस्ता जाणार आहे, तेवढ्या पट्टीपुरती सही कर, बाकीचं मी बघून घेतो, म्हणाला. दूधवाल्याने त्याच्याबरोबर चहाचा घोट घेत सही केली. कागदात पट्टी नव्हतीच, सगळं कुरण होतं, गोठ्यासकट. महिनाभरात ती बापलेक थिएटरमागच्या दोन खोल्यांत राहायला आली. लेकीने बापाशी अबोला धरला. तुम्ही वाचलं का नाही, एवढंच तिने एकदा विचारलं होतं. त्याला उत्तर मिळालं नाही, आणि मग ती बोललीच नाही. एकाच खोलीत ती दोघं पाठीला पाठ लावून बसायची. एके दुपारी तिला ते सहन होईना, म्हणून ती उठून थिएटरात येऊन बसली.

भोंग्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याला दिसली ती बायकांच्या बाकांवर पुढे बसलेली एक मुलगी. टेबलाचा प्रसंग आला आणि ती ओठ चावून रडायला लागली. कागद पुढे आला तशी ती आणखी रडायला लागली. भोंग्याला वाटलं, हिचंही लग्न हिला न विचारता ठरलेलं दिसतंय. त्याचा जीव कळवळला. एवढ्यात पडद्यावरचा म्हातारा सगळ्यांकडे पाठ करून खिडकीशी जाऊन उभा राहिला. तिथे तो बराच वेळ नुसता उभा असतो. भोंग्याने भोंगा तोंडाला लावला, पण ओरडला नाही. त्या मुलीकडे बघत हळू आवाजात म्हणाला, "घर सुटलं म्हणून बाप सुटत नाही, पोरी."

ती रडायची थांबली. सिनेमा संपल्यावर ती घरी गेली आणि तिने बापाला चहा करून दिला. "घ्या," एवढंच म्हणाली. त्या एका शब्दावर म्हातारा ढसाढसा रडला. मग दोघं बोलायला लागली ती थंडी पडेपर्यंत बोलत राहिली. थंडीत तो न्यूमोनियाने गेला. लेक त्याच्या उशाशी होती.

दरम्यान तिने तो सिनेमा पुन्हा पाहिला, परत पाहिला, आणि एकदा खेळ संपल्यावर भोंग्यापाशी येऊन म्हणाली, "तुम्हाला ती भाषा किती छान येते हो. त्या म्हाताऱ्याचं ते वाक्य तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलंच नसतं. पडद्यावरच्या त्या बापाने मला माझा बाप परत दिला."

भोंग्याने तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. पण समोर एवढी देखणी मुलगी उभी, ती तुमच्या विद्वत्तेचं कौतुक करतेय, तिचे डोळे भरलेत. अशा वेळी खरं बोलणारा पुरुष अजून जन्मायचाय. पुढे लग्न झालं, मग लेक झाली, आणि जसजशी वर्षं गेली तसतसं ते सांगणं अवघड होत गेलं. बायको तर येता-जाता त्या टोपीवाल्याला दुवा द्यायची. लेकीला झोपवतानाही तीच गोष्ट आणि तेच वाक्य. एक मात्र होतं. जमीन, सही, कागद असले शब्द कुणी काढले की ती उठून दुसऱ्या खोलीत जायची. खोलीच्या भाड्याच्या करारावरसुद्धा भोंगाच सही करायचा, तोही ती बाजारात गेलेली असताना.

लेकीने धंदा धरला तो बापाचाच, फक्त पत्र्याच्या भोंग्याशिवाय. परदेशी सिनेमांच्या तळाला मराठी ओळी लिहायचं तिचं काम होतं. मात्र ती भाषा खरोखर शिकली होती, हा घराण्यातला बदल. आठवड्यापूर्वी आई दात दाखवायला गेलेली असताना ती धापा टाकत आली.

"बाबा, तुमची सोयरीक सापडली मला! जुनी प्रत होती, साफसूफ करून घेतली. आपलं बंद पडलेलं थिएटर उघडून तिथेच दाखवणार आहोत. ओळी मी लिहिल्यात." आणि तिला हसू आवरेना. "पण बाबा, ती सोयरीक नाहीये."

"म्हणजे?"

"तो मामा मामा नाहीये. लोकांच्या जमिनी लुबाडणारा दलाल आहे."

"आणि नवरामुलगा?"

"त्याचा कारकून."

"कारकून?" भोंगा पलंगावर बसला. "अगं, इतकी वर्षं मी एका कारकुनाला नवरदेव म्हणून मिरवलं! आणि ते मांडवाची जागा मोजत होते ते?"

"जमीन मोजत होते बाबा. टेबलावर जो कागद आहे ना, ते खरेदीखत आहे. म्हाताऱ्याला सांगतात की फक्त नदीवर जायच्या वाटेपुरती सही कर, आणि सगळं कुरण घेतात."

भोंगाही हसत होता. हसता हसता तो थांबला. लेकीच्याही चेहऱ्यावरचं हसू गेलं. दोघांच्या मनात एकच माणूस आला, आणि तो या क्षणी दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडून बसला होता.

"हे माझ्या लक्षात कसं आलं नाही?" लेक म्हणाली. "आजोबांची गोष्ट मला माहीत होती. पण मी आपली ओळी लिहिण्यात गुंग. आईला काय सांगायचं?"

भोंग्याने आधी दार लोटून घेतलं. मग लाडीगोडीच्या आवाजात म्हणाला, "तो म्हातारा खिडकीशी जाऊन उभा राहतो ना, पाठमोरा?"

"हो."

"तिथे तळाला एक ओळ टाक. आपली नेहमीची."

"बाबा, तो तिथे काहीच बोलत नाही."

"पाठमोरा आहे गं तो. कुणाला कळणार?"

"मला कळेल." लेक आईवर गेली होती. "न बोलणाऱ्या माणसाच्या तोंडी मी शब्द घालायला लागले तर मला उद्या काम कोण देईल?"

"मला दिलं की."

"तुमची गोष्ट वेगळी. आणि आईला फसवायचं?"

"फसवायचं नाही. जे आहे ते तिच्यापाशी राहू द्यायचं." भोंग्याचा आवाज चिरकला. "तिला त्या ओळीशिवाय बापाकडून काय मिळालंय? कुरण गेलं, घर गेलं. ते एक वाक्य आहे, आणि तेही त्याचं नाही, माझं."

लेकीने त्याचा हात धरला. पण नाही जमणार म्हणाली. तुम्हीच आईला सांगा, असं म्हणून गेली.

सांगणं तर दूरच, भोंग्याला ती गोष्ट काढतासुद्धा आली नाही. एकदा तो "अगं, ऐकलंस का" असं म्हणाला आणि पुढे "दूध उतू जातंय" असं बोलून मोकळा झाला. दूध उतू जात नव्हतं. खेळाची बातमी मात्र बायकोला गल्लीतून कळलीच होती. मग त्याने दुसरा मार्ग धरला. त्याला खोकला झाला. खोकला कुणी मनावर घेईना, म्हणून गुडघा दुखायला लागला. बायको ठेवणीतली शाल उन्हात टाकत म्हणाली, "तुम्हाला नसेल जमत तर राहा घरी. मी एकटी जाईन. माझ्या टोपीवाल्याला मी एवढ्या वर्षांनी भेटणार आणि घरी बसू होय?"

तेव्हा भोंग्याला चष्म्याची युक्ती सुचली. चष्म्याशिवाय तिला अक्षर दिसत नव्हतं. घोडे दिसले असते, टोप्या दिसल्या असत्या, ओळी दिसल्या नसत्या. मग तिच्या शेजारी बसून, तोंड तिच्या कानाला लावून, तो तिला सोयरीकच सांगणार होता. मामा, नवरामुलगा, मांडव आणि मानपान. मुख्य म्हणजे खिडकीशी पाठमोरा उभा राहिलेला बाप.

दुपारी लेक त्यांना न्यायला आली. तिने बाबांकडे प्रश्नार्थक पाहिलं. भोंग्याने डोळ्यांनीच 'नाही' म्हटलं आणि वर 'काळजी करू नकोस' असाही अभिनय केला. बायकोने स्वयंपाकघरात जाऊन लेकीपुरता चहा केला. निघायची वेळ झाली तशी ती खिडकीपाशी आली, टोपलीत हात घातला, उशी उचलून पाहिली.

"माझा चष्मा कुठं गेला?"

"बघ, कुठंतरी ठेवला असशील," भोंगा छताकडे बघत म्हणाला. "आता शोधत बसलो तर उशीर होईल. राहू दे. मी आहे ना सांगायला!"

बायको त्याच्याकडे क्षणभर बघत राहिली. मग पुढे आली आणि त्याच्याच नाकावरचा चष्मा अलगद काढून तिने आपल्या डोळ्यांवर चढवला.

"नंबर तर आपला एकच आहे," ती म्हणाली. "तुम्हाला सिनेमा पाठ आहे. तुम्हाला काय करायचाय चष्मा? चला."

करायला गेलो काय आणि वर झाले पाय. भोंगा जिना उतरला तो लेकीचा दंड धरून, कारण त्याला आता पायऱ्याही धड दिसेनात.

थिएटर रंगवून घेतलं होतं. बायकांची बाकं जाऊन सगळीकडे सारख्या खुर्च्या आल्या होत्या. लेकीने दोघांना पुढे बसवलं आणि ती मागे यंत्रापाशी गेली. दिवे गेले, संगीत सुरू झालं आणि पडद्यावर घोडे आले. भोंग्याला ते धुरकट दिसत होते, पण प्रत्येक घोडा ओळखीचा होता. तळाला पांढऱ्या मुंग्या चालल्यासारखं काहीतरी येत होतं आणि जात होतं. त्या ओळी होत्या.

"थांबा, वाचून दाखवते," बायको त्याच्या कानाशी म्हणाली. तिला भलताच उत्साह आला होता. "म्हातारा म्हणतोय, यंदा गवत चांगलं आहे. लेक म्हणतेय, मग कुंपण दुरुस्त करून घेऊ."

"हो, हो, लग्न तोंडावर आलंय ना," भोंगा घाईघाईने म्हणाला.

"तसं काही लिहिलेलं नाही."

मागून कुणीतरी म्हणालं, "आजी, जरा मोठ्याने सांगा, आम्हीही चष्मा विसरलोय." दोन-चार जण हसले. बायको खुलली आणि जरा आवाज चढवून वाचायला लागली. भोंगा अंधारात घामाघूम झाला. उभ्या आयुष्यात त्याने शेकडो खेळ सांगितले होते, पण ऐकणाऱ्याच्या खुर्चीत बसणं किती अवघड असतं हे त्याला आज कळलं.

काळ्या जाकिटवाला आला. "हा म्हणतोय, मी तुमचा मित्र आहे असं समजा. म्हणतोय, वाटेपुरतीच..." ती जरा थबकली. "नदीकडे जायच्या वाटेपुरतीच गोष्ट आहे."

साखळीवाले आले, कुरण मोजलं गेलं. बायकोचा आवाज आता मागच्यांना ऐकू जात नव्हता. कुणी तक्रार केली नाही. भोंग्याने तिचा हात चाचपला. तो थंडगार होता.

"अगं, ऊठ, आपण घरी जाऊ," तो म्हणाला. "माझा गुडघा..."

"गप्प बसा."

टेबल आलं. पेले भरले गेले. भोंग्याला कागद दिसला नाही, पण तो कुठल्या क्षणी पुढे सरकतो हे त्याला नीट माहीत होतं. बायको अगदी हळू वाचत होती, जणू एकेक अक्षर हाताने उचलून ठेवत होती. "दलाल म्हणतोय, इथे सही कर. म्हातारा म्हणतोय, वाचायला हवं का? दलाल म्हणतोय..." ती थांबली. तिचा श्वास भोंग्याच्या कानाला लागत होता. "म्हणतोय, मित्रामित्रांत काय वाचायचं?"

त्यानंतर ती वाचायची थांबली. लेखणी चालली असेल, हात हातात दिले गेले असतील. दाराआड ती मुलगी तोंडावर हात दाबून उभी असेल. भोंग्याच्या शेजारी हुंदका आला नाही, हालचालही झाली नाही. त्याला एवढंच वाटत होतं की आता ती उठेल आणि त्या दुसऱ्या खोलीत जाईल, जिथे ती नेहमी जायची, आणि या वेळी तिथून परत येणार नाही.

मग म्हातारा टेबलापासून उठला आणि पाठ फिरवून खिडकीशी जाऊन उभा राहिला.

भोंग्याने डोळे ताणून पडद्याच्या तळाशी पाहिलं. न जाणो, लेकीला दया आली असेल. पण तळाला नुसता काळोख होता. एकही मुंगी नव्हती. संगीतही थांबलं होतं. सगळं थिएटर त्या रुंद पाठीकडे बघत बसलं होतं, आणि भोंग्याच्या जिभेवर ते वाक्य तयार होतं. आता त्याला ते म्हणता येत नव्हतं. चष्मा तिच्या डोळ्यांवर होता, खाली काही लिहिलेलं नाही हे तिला स्वच्छ दिसत होतं.

बायको त्याच्या कानाशी वाकली.

"म्हातारा म्हणतोय," ती म्हणाली, "घर सुटलं म्हणून बाप सुटत नाही, पोरी."

भोंगा तिच्याकडे वळला. मग त्याने विचारलं, "असं लिहिलंय तिथे?"

"चष्मा कुणाच्या डोळ्यांवर आहे?" बायको म्हणाली.

पुढचा सिनेमा भोंग्याने पाहिला नाही. तो रडत होता, आणि त्याला चष्मा नसल्याचं प्रथमच बरं वाटलं. शेवटचा गोळीबार झाला, दलाल पडला, कुरण परत मिळालं. तेवढं मात्र बायकोने चवीने वाचून दाखवलं. दिवे लागल्यावर लेक धावत आली आणि दोघांकडे बघत उभी राहिली. आईने तिच्या गालावर हात ठेवला. "चांगल्या लिहिल्यास ओळी," म्हणाली. लेकीला लोकांनी गराडा घातला, तेव्हा ती दोघं हळूहळू घराकडे निघाली. बायकोने त्याचा हात धरला होता.

"तुम्हीच म्हणाला होतात ना ते?" थोडं चालल्यावर तिने विचारलं.

"हो."

"का?"

"तू रडत होतीस. मला वाटलं, तुझं लग्न मनाविरुद्ध ठरलंय."

बायको हसली. "आणि मी तो कागद बघून रडत होते. म्हटलं, या मेल्यांनी लग्नातसुद्धा कागद आणला. आणि मी इतकी वर्षं त्या टोपीवाल्याला दुवा देत आले हो!"

"तो काय परत मागतोय?"

"नाही मागत. पण ते दुवे ज्याचे होते त्याला मिळाले नाहीत." तिने त्याचा हात जरा घट्ट धरला. कोपऱ्यावर आल्यावर म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी खरं काय ते सांगितलं असतंत, जमीन आणि सही आणि दलाल, तर मी तिथल्या तिथे उठून गेले असते. घरी गेलेच नसते. बाबा तसेच गेले असते, माझ्याशी न बोलता." तिने एकदा नाक ओढलं. "बरं झालं तुम्हाला ती भाषा येत नव्हती."

भोंग्याने मोकळ्या हाताने डोळे पुसले.

"आणि घरी गेल्यावर आधी साखरेच्या डब्यातून माझा चष्मा काढा," ती म्हणाली. "मुंग्या लागतील त्याला."

भोंगा जागच्या जागी उभा राहिला. "तू कधी पाहिलास?"

"लेकीच्या चहात साखर घालताना."

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, जन्मात पहिल्यांदा चोरी करताय, बघू तरी कशासाठी." तिने त्याला पुढे ओढलं. "चला आता. इथे पायरी आहे, जपून."

त्याला पायरी दिसत नव्हती. तिने सांगितलं तिथे त्याने पाय उचलला.